पक्ष्याच्या पायातला आकडा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यापासून काही मैलांवर फार्न नावाची खडकाळ बेटं आहेत. सातव्या शतकात कथबर्ट नावाचा ख्रिस्ती साधू त्यातल्या एका बेटावर एकांतवासाला गेला आणि ६८७ साली तिथेच वारला. बीड या धर्मोपदेशक इतिहासकारानं लिहिलेल्या त्याच्या चरित्रात एक प्रसंग आहे. कथबर्टनं पोटापुरती बार्ली पेरली, पीक हाताशी आलं आणि पाखरांचा थवा त्यावर उतरला. साधूनं दगड उचलला नाही. जे तुम्ही पेरलं नाही ते का खाता, असं त्यानं पाखरांना विचारलं. तुमची गरज माझ्यापेक्षा मोठी असेल आणि देवानं तुम्हाला मुभा दिली असेल तर खुशाल खा, नाहीतर निघा, असंही सांगितलं. पाखरं उडून गेली, असं बीड लिहितो. बाराव्या शतकातल्या आख्यायिकांत त्याच बेटांवरची आयडर बदकं कथबर्टच्या आश्रयाखाली आलेली दिसतात. त्यांना मारणं तर दूरच, छेडणंही पाप मानलं गेलं. त्या भागात आजही त्यांना कथबर्टची बदकं म्हणतात.

याच बेटांवर १९८२ च्या उन्हाळ्यात एका माणसानं आर्क्टिक टर्नचं पिल्लू हातात धरलं. हा आपल्याकडच्या सुरय पक्ष्याचा भाईबंद. पिल्लाला अजून उडता येत नव्हतं. त्याच्या पायात आकडा कोरलेलं धातूचं बारीक कडं अडकवून त्याला पुन्हा जमिनीवर ठेवलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते कडं ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ सापडलं. पंख फुटून जेमतेम तीन महिने झालेला तो जीव सुमारे २२,००० किलोमीटर अंतर कापून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता. त्या दिवशी त्याला कुणी पकडलंच नसतं, तर हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

एकाच खडकावर पक्ष्याशी वागण्याच्या या दोन रीती. एकानं पक्ष्याला त्याच्या जागी राहू दिलं आणि त्याच्याशी हक्काची भाषा केली. दुसऱ्यानं त्याला विचारल्याशिवाय उचललं आणि त्याच्या अंगावर माणसाचा आकडा चढवला. पहिली रीत भक्तीची आणि दुसरी विज्ञानाची, असं म्हणून विषय मिटवता येईल. पण किनाऱ्यावर आणि माळरानावर पक्ष्यांना कडी घालणारी, त्यांची गणना करणारी माणसं बहुतेक पक्ष्यांच्या प्रेमातूनच तिकडे वळलेली असतात. म्हणून प्रश्न त्यांच्याच घरातला आहे: मुक्त जीवाला जाणून घेण्यासाठी धरणं आणि मोजणं हे त्याच्यावरच्या श्रद्धेशी सुसंगत आहे का?

मोजण्याबद्दल बायबलचं एकमत नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजा आपल्या प्रजेची शिरगणती करतो आणि ते पाप ठरतं. देव रोगराई पाठवतो, सत्तर हजार माणसं मरतात. प्रजा देवाची, तिचा आकडा आपल्या मुठीत असावा असं राजाला वाटणं हाच अपराध. मत्तयच्या शुभवर्तमानात मात्र येशू शिष्यांना धीर देताना बाजारात कवडीमोलानं विकल्या जाणाऱ्या चिमण्यांचा दाखला देतो. त्यातली एकसुद्धा पित्याला नकळत जमिनीवर पडत नाही. आणि लगेच पुढे, माणसाच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत. तिथे मोजणं म्हणजे माया. आपल्याकडेही जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत, असं जुनी माणसं बजावतात. पण रात्री गोठ्यात गुरं आली की नाही, हे एकेक मोजल्याशिवाय त्याच माणसांना झोप येत नाही. मोजणारा कोण आहे आणि मोजून तो पुढे काय करणार आहे, यावर सगळं ठरतं. दावीदला सैन्य हवं होतं. चिमण्या मोजणाऱ्या पित्याला चिमण्यांकडून काहीच नको आहे.

पक्ष्यांच्या अभ्यासाचा इतिहास या दोघांच्या मधे कुठेतरी सुरू होतो, आणि आरंभी तो दावीदच्या बराच जवळ आहे. हिवाळ्यात पक्षी जातात कुठे, हे कोडं युरोपला दोन हजार वर्षं सुटलं नव्हतं. एक पक्षी थंडीत दुसऱ्याच पक्ष्यात पालटतो, असं ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स मॉर्टन या इंग्रज विद्वानानं पक्षी चंद्रावर जातात असं गंभीरपणे मांडलं. सेलबोर्न गावचा गिल्बर्ट व्हाइट हा धर्मोपदेशक तर डोळस निरीक्षणाचा आदर्श मानला जातो. त्याचं पुस्तक १७८९ साली आलं, पण भिंगऱ्या इथेच कुठेतरी दडून थंडी काढत असाव्यात ही शंका त्याच्याही मनातून पुरती गेली नव्हती. १८२२ साली जर्मनीत क्लुत्झ गावाजवळ एक पांढरा करकोचा मिळाला. त्याच्या मानेत आफ्रिकी बनावटीचा भाला आरपार रुतलेला होता. तो भाला घेऊन तो युरोपपर्यंत उडत आला होता. करकोचे आफ्रिकेत जातात याचा इतका धडधडीत पुरावा कुणाच्याही हाती आला नव्हता. आणि तो मिळवला कसा, तर त्या करकोच्याला गोळी घालून. पेंढा भरलेला तो पक्षी आजही रोस्टॉक विद्यापीठात आहे.

त्या काळी पक्षी जाणायचा म्हणजे तो पाडायचा. दुर्बिणी कमकुवत होत्या, ओळख पटवायची तर कातडं हातात हवं. १९०८ साली मुंबईत सलीम अली नावाच्या मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला त्याच्या मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलर्डसाहेबांनी त्याला कपाटांतून मांडून ठेवलेले पक्षी दाखवले आणि भारतीय पक्षीशास्त्राचं पुढचं शतक त्या दारातून आत आलं. सलीम अलींनी १९८५ साली आत्मचरित्राला ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे नाव दिलं, तेव्हा त्यात ती मारलेली चिमणी होती. इंग्रजी वाचकाला त्यात शुभवर्तमानातली आणि शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधली चिमणीही ऐकू येते.

कड्यानं या सगळ्याला वेगळं वळण दिलं. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावी हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन हा शिक्षक होता. १८९९ साली त्यानं १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत आकडा आणि पत्ता कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला पक्षी. १९०९ साली इंग्लंडमध्ये हॅरी विदरबीनं तशीच योजना सुरू केली. स्टॅफर्डशायरमध्ये मे १९११ मध्ये कडं घातलेली एक भिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात एका शेतघरात सापडली, आणि व्हाइटला छळणाऱ्या शंकेचा निकाल लागला. या शोधाकडे नैतिक अंगानं पाहावं असं फारसं कुणाला वाटलेलं दिसत नाही, पण ते वाटायला हवं. ज्ञानासाठी पक्ष्याला सोडून द्यावं लागणं ही पक्षीशास्त्रात नवीच गोष्ट होती. पाडलेला पक्षी आपलं सांगणं जागेवर संपवतो. कडं घातलेला पक्षी उडून गेला तरच काही सांगतो, आणि कुणाला सांगेल हे कडं घालणाऱ्याच्या हाती राहत नाही. सलीम अली १९२९-३० च्या सुमारास जर्मनीत होते, तेव्हा उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावरच्या पक्षी-केंद्रात त्यांनी हे काम पाहिलं आणि शिकून घेतलं. पुढे १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं त्यांच्या सोसायटीनं भारतात मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घातली. त्या कड्यांवर मुंबईला कळवा, अशी इंग्रजी सूचना कोरलेली असे.

पण सोडून दिलं म्हणून धरल्याचा दोष जातो का?

धरण्याची रीत बारकाईनं पाहिली पाहिजे. पहाटे झुडपांच्या ओळीत खांबांना बारीक धाग्याची मिस्ट नेट बांधतात. ती उजेडात दिसत नाही म्हणूनच चालते. पक्षी जाळ्यात आपटून खालच्या झोळात पडतो. जाळ्याला वरचेवर फेरी घालावी लागते. पाऊस आला, वारा चढला तर जाळं गुंडाळायचं. पक्ष्याला सोडवून कापडी पिशवीत ठेवतात. मग मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात येईल अशा बेतानं धरतात, पंखाची लांबी घेतात, पोटावरची पिसं फुंकरीनं बाजूला सारून चरबी किती साठली ते पाहतात, वजन करतात, कडं दाबून बसवतात. ब्रिटनमध्ये हे काम परवान्याशिवाय करता येत नाही, आणि परवाना मिळायला अनुभवी माणसाच्या हाताखाली दीर्घकाळ उमेदवारी करावी लागते. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीच्या योजनेत अडीच हजारांहून अधिक माणसं, बहुतेक स्वयंसेवक, दरवर्षी सुमारे नऊ लाख पक्ष्यांना कडी घालतात. पक्ष्याचं हित आधी, माहिती नंतर, हा त्यांचा लिखित नियम आहे.

तरीही पक्षी मरतात. अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक संस्थांच्या नोंदी एकत्र करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांपैकी ०.५९ टक्के जखमी झाले आणि ०.२३ टक्के मेले, असं आढळलं. म्हणजे हजारामागे दोन-तीन. मांजरं आणि काचेच्या इमारती यांच्यामुळे मरणाऱ्या पक्ष्यांपुढे हा आकडा नगण्य आहे, असं म्हणायचा मोह होतो. पण मांजराला प्रश्न पडत नाही. प्रश्न पडणाऱ्यानं त्या दोन-तीनांचा जाब द्यायचा आहे.

अडचण इथे नीट मांडली पाहिजे. डॉक्टर रोग्याला टोचतो तेव्हा दुखणंही रोग्याचं आणि गुणही रोग्याला. कडं घालताना तसं नाही. घाबरतो हा पक्षी, आणि फायदा झालाच तर अजून अंड्यातून न निघालेल्या दुसऱ्या कुणाला तरी. यानं संमती दिलेली नाही, देऊ शकत नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं कांटनं बजावलं. पक्ष्यांना त्यानं त्या नियमात घेतलं नाही. भारतीय परंपरेला ती सोय नाही. जैन विचारानं तर हा प्रश्न शेकडो वर्षं चघळला आहे, कारण चालताना, श्वास घेताना, दिवा लावताना जीव दुखावतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे, तिचा भर इजेपेक्षा इजेमागच्या बेसावधपणावर आहे: वासनेच्या किंवा गाफीलपणाच्या भरात जिवाला दुखावणं म्हणजे हिंसा. या कसोटीवर पक्षी धरणाऱ्याचा हेतू चांगला असणं पुरेसं नाही. त्याला प्रत्येक वेळी जागं राहावं लागतं, आणि आपल्या हातून काय होतं आहे ते पाहण्याची तयारी ठेवावी लागते.

ही तयारी किती महाग पडते, ते अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या क्रोझे द्वीपसमूहात दिसलं. पेंग्विनच्या पायात कडं नीट बसत नाही, म्हणून संशोधक वर्षानुवर्षं त्यांच्या पंखाला धातूची पट्टी बांधत. या पट्टीचा पेंग्विनलाच त्रास होत असेल का? फ्रेंच संशोधकांनी पोझेशन बेटावर किंग पेंग्विनचे दोन गट केले. दोन्हींत कातडीखाली सूक्ष्म चिप बसवली, पण पट्टी एकाच गटाला बांधली. दहा वर्षांनी, २०११ साली, ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला: पट्टीवाल्यांना ३९ टक्के कमी पिल्लं झाली आणि त्यांचं जगण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी घटलं. पट्टी बांधलेल्या पेंग्विनांवरून आजवर काढलेल्या कितीतरी निष्कर्षांवर त्यामुळे सावली पडली. या संशोधनात काही आहुती गेल्या, हे नाकारता येणार नाही. पण स्वतःच्या हत्याराची दहा वर्षं झडती घेणं, हे गाफीलपणाच्या नेमकं उलट टोक आहे. धर्म ज्याला प्रायश्चित्त म्हणतो त्याची पहिली पायरी हीच असते. २०२२ साली बर्ड फ्लूनं ब्रिटनच्या समुद्रपक्ष्यांत हाहाकार माजवला, तेव्हा वस्त्यांमधलं कडी घालण्याचं काम थांबवण्यात आलं. फार्न बेटांवर त्या वर्षी हजारो मेलेले पक्षी उचलून मोजावे लागले.

मग हे सगळं करायचंच कशाला? संख्याशास्त्राची उत्तरं ठाऊक आहेत: आयुर्मान, मार्ग, घट कुठे होते ते. ती उत्तरं खरी आहेत. पण कड्याचा खोल परिणाम दुसराच आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. आकडा चढवल्यावर जीव आकड्यापुरता उरतो, अशी आपली समजूत आहे, आणि कैद्यांच्या इतिहासानं ती पक्की केली आहे. पक्ष्यांच्या बाबतीत घडलं ते वेगळंच. आकड्यापूर्वी भिंगरी ही एक जात होती. यंदाची आणि गेल्या वर्षीची भिंगरी एकच की निराळी, हे विचारण्याचीच सोय नव्हती. जातीला आयुष्य नसतं, म्हातारपण नसतं, घर नसतं. ते एकेकट्या पक्ष्याला असतं, आणि तो एकेकटा पक्षी माणसाला कड्यामुळे पहिल्यांदा दिसला.

वेल्सच्या टोकाला बार्डसी बेट आहे. मध्ययुगात तिथल्या तीन यात्रा रोमच्या एका यात्रेबरोबर मानल्या जात, आणि वीस हजार संत तिथे पुरले आहेत अशी श्रद्धा आहे. तिथल्या पक्षी-केंद्रात १९५७ च्या मे महिन्यात एका मँक्स शिअरवॉटरला कडं घातलं. तेव्हाच तो वयात आलेला होता. तोच पक्षी २००८ च्या मे महिन्यात, जवळपास ५१ वर्षांनी, पुन्हा हातात आला. दर हिवाळ्यात हे पक्षी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे जातात आणि अंधारात आपल्याच बिळाकडे परततात. यात्रेकरूंच्या बेटावर पन्नासहून अधिक वर्षं यात्रा करणारा तो एक पक्षी आकड्याशिवाय कुणाला कधीच कळला नसता.

प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर चँडलर रॉबिन्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं डिसेंबर १९५६ मध्ये लेसन अल्बट्रॉसच्या एका मादीला कडं घातलं. २००२ साली, ४६ वर्षांनी, तीच मादी त्याच बेटावर त्याच माणसाच्या हातात आली. जुन्या नोंदी ताडून पाहिल्यावरच त्याला ते कळलं. तिला विस्डम म्हणतात. झेड ३३३ हा तिच्या कड्यावरचा आकडा जगभरच्या लोकांना पाठ आहे. रॉबिन्स २०१७ साली गेले. विस्डमनं २०२४ च्या अखेरीस, किमान ७४ वर्षांची असताना, पुन्हा अंडं घातलं. आकड्यामुळे ती कमी झाली नाही. अल्बट्रॉस मासेमारीच्या गळांना अडकून मरतात ही बातमी लाखांच्या आकड्यांत वाचणं आणि विस्डम यंदा परतेल ना, अशी वाट पाहणं, यांत फार मोठा फरक आहे.

भारताच्या ईशान्येला हा फरक एका गावानं जगून दाखवला. नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी २०१२ च्या शरदात अमूर ससाण्यांची प्रचंड प्रमाणात कत्तल होते आहे, हे उघड झालं. मारलेल्या पक्ष्यांचा अंदाज लाखाच्या वर होता. जाळी लावून पक्षी धरायचे आणि विकायचे. वर्षभरात ते थांबलं. त्यात सरकार होतं, संस्था होत्या, ग्रामसभा होत्या, आणि रविवारच्या प्रार्थनेत हा विषय नेणारी चर्चही होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली गेली. त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. पांगती म्हणजे कत्तल जिथे झाली तेच गाव. ते पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेत उतरले. हिवाळ्याच्या तोंडाशी लोणावळ्याच्या डोंगरांवर काही दिवस दिसणारे अमूर ससाणे याच प्रवासात असतात. कालपर्यंत ज्या जाळ्यातून पक्षी बाजारात जात, तशाच जाळ्यातून काढलेला एक पक्षी गावाचं नाव घेऊन समुद्र ओलांडतो आहे हे ऐकल्यावर पांगतीच्या लोकांना त्याची काळजी वाटू लागली. धरणं तेच होतं. धरल्यानंतरचं नातं बदललं.

मोजणीचं दुसरं रूप अंगाला हात न लावणारं. दक्षिण इंग्लंडमधल्या हीथ म्हणजे निकृष्ट, रेताड जमिनीवरची खुरट्या झुडपांची माळरानं. हेदरची जांभळी फुलं, काटेरी गॉर्सची पिवळी. चराई आणि झुडूपतोड यांनी ती हजारो वर्षं माळ राहिली. नांगर, पाइनची लागवड आणि घरबांधणी यांनी १८०० पासून त्यांतला चार-पंचमांशाहून मोठा भाग खाल्ला. टॉमस हार्डीनं १८७८ साली ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’मध्ये रंगवलेला एग्डन हीथ डॉर्सेटच्या अशाच माळांवरून उचललेला आहे. तिथे डार्टफर्ड वॉर्बलर राहतो. हा आपल्या वटवट्यांच्या नात्यातला, शेपटी उभारून गॉर्सच्या शेंड्यावर क्षणभर येणारा मूठभर पक्षी. तो हिवाळ्यातही देश सोडत नाही. १९६२-६३ च्या जीवघेण्या थंडीनंतर ब्रिटनमध्ये त्याच्या जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या. २००६ च्या गणनेत ३,२१४ जोड्या मोजल्या गेल्या.

रातव्याची गणना तर कानांनी होते. सूर्य मावळल्यावर माळाच्या कडेनं ठरलेल्या वाटेवर चालायचं आणि नराची चरख्यासारखी अखंड घरघर कुठून कुठून येते ते नकाशावर टिपायचं. ॲरिस्टॉटलपासून लोक मानत आले की हा पक्षी रात्री शेळ्यांचं दूध पितो. २००४ साली गाणाऱ्या नरांचा आकडा ४,६०६ आला. १९९२ पेक्षा तो हजाराहून अधिक वाढलेला होता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. संध्याकाळी माळावर रातवा ऐकणं हा अनुभव आहे. वहीत रेघ ओढणारा त्या अनुभवातून बाहेर पडतो. आयरिस मर्डॉक या कादंबरीकार-तत्त्वज्ञ बाईंनी १९७० च्या ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ या पुस्तकात खिडकीबाहेर हवेत स्थिर तरंगणाऱ्या खरुची ससाण्याचं उदाहरण दिलं आहे. मन मानापमानात गुंतलेलं असतं, अचानक खरुची दिसते, आणि त्या क्षणी दुखावलेला ‘मी’ नाहीसा होतो. उरते फक्त खरुची. पुन्हा विचारात परतल्यावर ती जुनी गोष्ट तेवढी मोठी वाटत नाही. स्वतःला विसरून दुसऱ्याचं असणं पाहणं, यात मर्डॉकबाईंना नीतीची सुरुवात दिसते. मग वही घेऊन आलेला माणूस त्या क्षणाचा नाश करतो का?

उलट आहे. खरुचीचा क्षण फुकट मिळतो. आपल्या आवडीचा पक्षी, आपल्या सोयीच्या वेळी. गणना करणाऱ्याला वेळ ठरवून दिलेली असते, वाट ठरवून दिलेली असते, आणि दिसलं नाही तर शून्य लिहावं लागतं. या शून्याची किंमत बाहेरच्या माणसाला कळत नाही. भिजत तासभर चालून ‘काही नाही’ लिहिणं, गेल्या वर्षी जिथे चार नर गात होते तिथे यंदा एकही नाही, हे मनाविरुद्ध नोंदवणं, दूरवरचा संदिग्ध आवाज आपल्याला हवा म्हणून रातव्याचा न ठरवणं, यात ‘मी’ बाजूला ठेवण्याची जी शिस्त आहे ती कुठल्याही जपापेक्षा सोपी नाही. स्वतःला विसरण्याचा एक क्षण आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या इच्छेला आकड्यात शिरू न देणं, यांतलं दुसरं अधिक नैतिक आहे असं म्हणायला हवं.

तरी या शिस्तीतही एक पळवाट आहे. टर्टल डव्ह हा आपल्या होल्याच्या कुळातला, उन्हाळ्यात युरोपात आणि हिवाळ्यात आफ्रिकेत राहणारा पक्षी. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा गरिबाची भेट म्हणून याची जोडी किंवा कबुतराची दोन पिल्लं अर्पण करण्याचा नियम होता, असं लूकचं शुभवर्तमान सांगतं. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून त्याची संख्या सुमारे ९८ टक्क्यांनी घसरली, आणि ही घसरण पायरीपायरीनं, उत्तम रीतीनं मोजली गेली. २०२१ च्या खास गणनेत २,०९२ जोड्यांचे प्रदेश उरलेले दिसले. एखाद्याचं मरण इतक्या काळजीपूर्वक नोंदवणं आणि त्यासाठी काही न करणं, हे दावीदच्या शिरगणतीपेक्षाही वाईट. पण या कहाणीत पुढे वळण आलं. कड्यांच्या आणि गणनांच्या नोंदींवरून पश्चिम युरोपच्या मार्गानं जाणारे पक्षी किती, आणि त्यांतले किती बंदुकीनं पडतात याचा हिशेब मांडता आला. २०२१ साली फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालनं त्यांची शिकार थांबवली, आणि काही वर्षांतच त्या मार्गावरच्या पक्ष्यांची संख्या वाढू लागली. स्पेनच्या रानात वाचलेल्या होल्याला तीस वर्षांपूर्वी कुणाच्या पायात कडं बसलं होतं, हे ठाऊक नाही. धरलेल्या पक्ष्याचं देणं दुसऱ्या पक्ष्याला फेडलं गेलं.

हे ‘देणं’च या वादात सर्वांत उपयोगी पडतं. पक्षी धरण्याचा माणसाला हक्क आहे, असं म्हणायला आधार सापडत नाही. देवानं दिलेलं प्रभुत्व म्हणा किंवा बुद्धीचं श्रेष्ठत्व, दोन्ही युक्तिवाद बलवानानं स्वतःच्या सोयीचे केलेले आहेत. पण ऋण काढून धरता येतं. हक्क वापरला की संपतो, ऋण उरतं, आणि ते कुणी कधी फेडणार हा प्रश्न विचारता येतो. आपल्या परंपरेत माणूस देवांचं, ऋषींचं, पितरांचं ऋण घेऊनच जन्मतो. त्या यादीत पक्ष्यांसाठी जागा करायला कुणाची हरकत नसावी.

लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे आणि आसपासच्या परगण्यांत, टेम्स खोऱ्यातल्या हीथ आहेत. भोवती देशातली सर्वांत महाग घरं आणि घराच्या शोधातली तरुण कुटुंबं. रातवा, वुडलार्क आणि डार्टफर्ड वॉर्बलर या तीन पक्ष्यांच्या गणनेवरून २००५ साली या माळांना कायद्याचं संरक्षण मिळालं. आता त्यांच्यापासून ४०० मीटरच्या आत नवी घरं सहसा बांधता येत नाहीत. त्यापलीकडे बांधायची तर नव्या रहिवाशांना आणि त्यांच्या कुत्र्यांना फिरायला वेगळी मोकळी जमीन तयार करावी लागते, दर हजार माणसांमागे किमान ८ हेक्टर; नाहीतर जमिनीवर घरटं करणारा रातवा कुत्र्यांच्या पायी उठतो आणि अंडी गार पडतात. बिल्डर यावर कुरकुरतात. घर न मिळालेली माणसंही म्हणतात की कधी न दिसलेल्या पाखरासाठी आम्ही भाडं का भरायचं, आणि त्यांचा त्रास खोटा नाही. कथबर्टनं पाखरांना गरज कुणाची मोठी हे विचारलं, तेव्हा तराजूच्या एका पारड्यात त्याचं स्वतःचं जेवण होतं. सरेच्या नगरपालिकांपुढे दुसऱ्याचं घर आहे, आणि पाखरांच्या बाजूनं बोलायला उन्हाळ्याच्या रात्री वही घेऊन माळावर चाललेल्या माणसांनी लिहिलेले, शून्यांसकटचे आकडे आहेत. ते आकडे दर काही वर्षांनी पुन्हा घ्यावे लागतात, कारण जुन्या आकड्यावर नवं घर अडवता येत नाही.